"निर्णय कोण घेतं?" "दोघं मिळून." (आणि फ्रिजचा टेम्पो)

खिडकीतली

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज एकच गोष्ट डोक्यात फिरतीये म्हणून धागा काढतेय. लांबण लागेल, आधीच सॉरी.

मी पुण्यात एका अभ्यासासाठी वस्त्यांमध्ये जाऊन फॉर्म भरून घेते. पर्वती, अप्पर, येरवडा ह्या बाजूला. फॉर्ममध्ये एक भाग असतो, घरातले निर्णय कोण घेतं. तुमच्या स्वतःच्या दवाखान्याचं कोण ठरवतं, मोठी खरेदी कोण ठरवतं, माहेरी किंवा नातेवाइकांकडे जायचं ते कोण ठरवतं. उत्तरं चार. मुख्यतः तुम्ही, मुख्यतः नवरा, दोघं मिळून, इतर कोणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (तेच ते एनएफएचएस) हे तीन प्रश्न असतात, आमच्याकडे तिथूनच आलेत.

तर झालं असं, एक ताई, तिशीच्या आतलीच असेल, चार घरची धुणीभांडी करते, नवरा पेंटिंगच्या कामावर. दहा बाय दहाची खोली. दारातच बसून फॉर्म भरत होतो कारण आत सासूबाई झोपलेल्या (झोपलेल्या नव्हत्या, मधूनच आतून एका प्रश्नाचं उत्तर आलं). मोठी खरेदी कोण ठरवतं? "दोघं मिळून." मी टिक केलं. मागे नवाकोरा फ्रिज, दाराचं प्लास्टिक पण काढलेलं नाही. सहज म्हटलं, हा पण दोघांनी मिळूनच घेतला का? तर म्हणाली, "नाही ओ, मला तर टेम्पो आल्यावर कळलं. हप्त्यावर आणला त्यांनी." मग म्हटलं ताई, मग दोघं मिळून कसं? माझ्याकडे अशी बघितली जशी मीच वेडी, आणि म्हणाली, "कुठं ठेवायचा ते मीच सांगितलं ना."

आणि ती चेष्टेत नव्हती म्हणत. दहा बाय दहात फ्रिज कुठे बसवायचा हे काय सोपं काम आहे का, एका बाजूला मोरी, एका बाजूला ओटा, सासूची कॉट हलवायची नाही, प्लग एकच. पण हप्ता कोण भरतं विचारलं तर तीच. दोन घरचा पगार त्यात जातो.

खोडून 'मुख्यतः नवरा' करावं का असं वाटलं, पण नियम असा की बाई सांगेल तेच लिहायचं. तसंच ठेवलं. घरी येऊन आकडे काढले. एनएफएचएस-५ (२०१९-२१) मध्ये तिन्ही निर्णयांत सहभाग असलेल्या विवाहित बायका देशात ७१ टक्के, एकाही निर्णयात नाही अशा ११ टक्के. आणि 'दोघं मिळून' म्हटलं की सहभाग धरतात. म्हणजे माझी टेम्पोवाली ताई आरामात त्या सहभागवाल्यांत जाऊन बसली असती.

तर विचारायचं हे की तुम्ही बघितलेल्या घरांत, स्वतःच्या, शेजारच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या, खरं कोण ठरवतं आणि ते ओळखायचं कशावरून? एक प्रॅक्टिकल मदत पण हवीये पण ती नंतर लिहिते, आधी बोला.

अनुस्वार

'कुठं ठेवायचा ते मीच सांगितलं' हे फ्रेम करून ठेवण्यासारखं आहे. माझ्या सदाशिव पेठेतल्या घरात हेच चालतं, फक्त टेम्पोऐवजी कुरियरवाला येतो. उगाच वस्तीचं नाव कशाला.

खिडकीतली

@अनुस्वार मान्य, पण तुमच्याकडे कुरियरवाला आला की पुढचे अठरा महिने तुम्हाला सकाळी सहाला उठून दुसऱ्यांची भांडी घासायला लागत नाहीत ना. तेवढा फरक आहेच की.

अनुस्वार

गप्प बसतो.

निळू१९६१

आमचं घर गिरणगावातलं, लालबागची चाळ. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी एकवीस वर्षांचा. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, त्यात आमचे वडील. पहिले दोन-तीन महिने सगळ्यांना वाटायचं आता मिटेल मग मिटेल. मग आईने डबे करायला घेतले, दुपारी पापड. घरातलं सगळं तिनेच ठरवलं, कुठला दागिना आधी मोडायचा, धाकट्याला गावी चुलत्याकडे कधी धाडायचं, दुकानदाराचे किती द्यायचे आणि किती थकवायचे. वडिलांना ह्यातलं काही जमलं नसतं, ते सकाळी युनियनच्या सभेला जायचे नाहीतर गॅलरीत बसायचे.

पण रोज संध्याकाळी आई डब्याचे जमलेले पैसे मोजून वडिलांच्या हातावर ठेवायची. आणि सकाळी बाजाराला निघताना त्यांच्याकडून मागून घ्यायची! तेच पैसे. आम्ही पोरं हसायचो. चाळीत सगळ्यांना सांगायची, "मी यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही." आता तुमच्या फॉर्मवर आमच्या आईने काय सांगितलं असतं? 'मुख्यतः नवरा' सांगितलं असतं, आणि पूर्ण खोटं सांगितलं असतं. तुमची ताई एका बाजूने चुकीची, आमची आई दुसऱ्या बाजूने.

जाता जाता, गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका संपाच्या कितीतरी आधीपासून होत्या, किराणा उधार आणायच्या, सावकाराचं व्याज भरत बसायच्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे गिरणी कामगाराच्या ताटातला भात कोणाच्या तरी बायकोच्या उधारीवर शिजत होता, आणि हे कुठल्या हिशोबात धरलेलं नव्हतं.

मी_पामर

+१ निळूकाका. ते पैसे परत मागून घेण्याचं आमच्या आजीचं पण असंच होतं.

वसुली_भाऊ

आयडीवरून कळलं असेलच. पाच वर्षं मायक्रोफायनान्समध्ये फिल्डला होतो, कंपनीचं नाव नाही घेत, आता सोडलंय. पिंपरी-चिंचवड आणि हडपसर साईड.

कर्ज बाईच्या नावावर. आधार बाईचं, फोटो बाईचा, सेंटर मीटिंगला चटईवर बसून शपथ म्हणायला बाई. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. आणि पैसे? रिक्षाचं इंजिन, दिराचं लग्न, नणंदेचं बाळंतपण, गावाकडची बोअर. धंद्यासाठी म्हणून लिहायचं, शिलाई मशीन नाहीतर भाजीची गाडी. मी स्वतः लिहिलंय. अर्थात सगळ्याच तशा नव्हत्या, काही बायका इतक्या तरबेज होत्या की मला शिकवायच्या.

पण मुद्द्याचं सांगतो. २०२२ मध्ये आरबीआयचे नवीन नियम आले, घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत पाहिजे आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जायला नकोत. म्हणजे घराचं उत्पन्न विचारणं आलं. तेव्हा लक्षात आलं की नवऱ्याला महिन्याला नक्की किती मिळतात हे बाईला सांगताच येत नाही. "देतात ते पाच-सहा हजार." देतात किती ते माहीत, मिळतात किती ते नाही. आणि नवरा शेजारी असला तर बायकोचा आकडा तो रुपयापर्यंत सांगतो, ह्या घरचे अठराशे, त्या घरचे बावीसशे, दिवाळीला साडी.

तुमच्या फॉर्ममध्ये बाकी सगळं काढा आणि हा एक प्रश्न घाला. एकमेकांचा पगार सांगा.

मावशीचा_मुलगा

@वसुली_भाऊ प्रश्न चांगलाय पण आमच्या घरी फेल गेला असता. माझी आई पाच घरं करायची. घरात सांगितलेली चार. वडिलांना चारच माहीत होती, आजीला चारच, मला पण चारच. पाचव्या घरचा पगार तिने कधी घरी आणलाच नाही, त्या बाईंकडेच ठेवायला सांगितला, त्यांनी वहीत लिहून ठेवला सात वर्षं. मी दहावी झालो आणि वडील म्हणाले ह्याला गॅरेजला लावा, तेव्हा आई एका दुपारी मला घेऊन त्या घरी गेली, बाईंनी वही काढली. माझा डिप्लोमा त्या वहीवर झालाय.

घरी काय सांगितलं माहितीये? "मॅडमनी मदत केली." वडिलांना वाटलं दानधर्म. ते त्या मॅडमना नमस्कार घालायला गेले होते. आईचं श्रेय मॅडमना गेलं आणि आई खूश. मला खूप वर्षं ह्याचा राग यायचा, वडिलांचा नाही, आईचाच, की सांग ना बाई तू केलंस म्हणून. आता वाटतं सांगितलं असतं तर सहावं घर लपवायची सोय राहिली नसती.

आणि 'यांना विचारून सांगते' हे वाक्य. सगळे समजतात बिचारीला परवानगी लागते. आईने हे वाक्य ढालीसारखं वापरलं. पॉलिसीवाला आला, यांना विचारून सांगते. मामाला पैसे पाहिजेत, यांना विचारते. सोसायटीतल्या बाईंना रविवारी पण बोलवायचंय, यांना विचारते. वडिलांना यातलं एकही कधी विचारलेलं नाही.

झंप्या

धागा वाचून डोळे पाणावले. आता पुरुषांवर पण एक धागा काढा. लाडकी बहीणचे दीड हजार खात्यात यायला लागल्यापासून बायका कुणाचं ऐकत नाहीत, आमच्या वस्तीत जाऊन बघा, निर्णय बिर्णय सगळं त्याच घेतात, नवरा फक्त गॅस आणायला.

स्टेथोवाली

@झंप्या गॅस आणायला तरी जातो का, चांगलंय.

मी महापालिकेच्या दवाखान्यात नव्हे, एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसते, वस्तीतल्या बायका जास्त. मला पहिला प्रश्न, स्वतःच्या दवाखान्याचा, तो फार महत्त्वाचा वाटतो आणि तोच सगळ्यात फसवा आहे. सर्दीखोकल्याला बाई स्वतःच येते. पण ऑपरेशनचं ती ठरवत नाही. वस्तीत 'ऑपरेशन' म्हटलं की कुटुंब नियोजनाचं, बाकीच्या ऑपरेशनांना नाव असतं. दुसरं मूल झाल्यावर करायचं की तिसऱ्याला थांबायचं हे सासू ठरवते, आणि करायचं ठरलं की करायचं बाईनेच. त्याच सर्वेक्षणात देशात ३७.९ टक्के विवाहितांचं कुटुंब नियोजन म्हणजे बाईची नसबंदी, पुरुषाची ०.३ टक्के. पुरुषाचं सोपं, टाक्याशिवाय होतं, अर्ध्या तासात घरी जातो. पण ऐकायला मिळतं, "त्यांना वजन उचलायचं असतं." ही पण डोक्यावरून दोन हंडे आणते, पण ते वजन नाही बहुतेक.

कायदा सांगते, कारण डॉक्टर सुद्धा विसरतात. सज्ञान बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते, १९७१ च्या कायद्यात नवऱ्याची सही कुठेही नाही. नसबंदीला पण लागत नाही. तरी काउंटरवर विचारतात, मिस्टर आलेत का? मी विचारलं का विचारता, तर म्हणे नंतर येऊन भांडतात. खरंय, येतात. म्हणून मग बाई नवरा म्हणून भावाला घेऊन येते. मी दोनदा एकच भाऊ दोन बायकांचा नवरा म्हणून आलेला बघितलाय, दोघी बहिणी होत्या. मी काही बोलले नाही.

अनुस्वार

असा भाऊ सगळ्यांना मिळो.

पोटमाळा

मुंबईतून. माझं लहानपण भायखळ्याचं, आता मानखुर्द. वरती पैशाबद्दल बरंच झालं, मी घराबद्दल लिहितो, कारण सगळ्यात मोठा निर्णय शेवटी खोलीचा.

भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ मध्ये महिला मिलन सुरू केलं, स्पार्क नावाची संस्था सोबत होती. त्याच्या आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचा ओल्गा टेलिसचा निकाल आलेला, म्हणजे नोटीस देऊन झोपडी उठवता येईल असं. मग ह्या बायकांनी बचत चालू केली, आणि रोजची. एकजण दारोदार फिरणार, कोणी रुपया देईल, कोणी दोन, कोणी आज नाही म्हणेल. मला लहानपणी कळायचं नाही की रोज कशाला, महिन्यातून एकदा गोळा करा ना. मोठा झाल्यावर कळलं, महिनाभर घरात पैसा टिकला पाहिजे ना! घरातला पैसा सापडतो. तांदळात ठेवला तरी सापडतो.

त्याच बायकांनी घर कसं पाहिजे ते पण सांगितलं. इंजिनिअर नाही, त्यांनी. १४ फूट उंची पाहिजे म्हणजे आत पोटमाळा निघतो, खाली स्वयंपाक आणि वर पोरं. माझा आयडी त्यावरूनच आहे.

आता एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन. पूर्वी २२५ फुटांची खोली मिळायची, मग २६९, आता ३००. मुंबईच्या नियमावलीतलं ३३(१०) म्हणतात ना सगळे, त्यात स्पष्ट आहे की नवीन खोली नवरा-बायको दोघांच्या मालकीची, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं. किती चांगलं. पण प्रत्यक्षात बिल्डरचा माणूस संमतीची सही घ्यायला येतो तेव्हा दारात उभा राहून म्हणतो, "भाऊ कुठायत?" भाऊ नसले तर संध्याकाळी येतो म्हणतो. माझ्या आईला सर्टिफिकेटवर आपलं नाव आहे हे अकरा वर्षांनी कळलं, वडील गेल्यावर कागद शोधताना. बसून राहिली जरा वेळ. मग म्हणाली, "आधी माहीत असतं तर किचनची खिडकी बंद करू दिली नसती."

खिडकीतली

@पोटमाळा ती खिडकी! तुमच्या आईंचं वाक्य मी फॉर्मच्या मागे लिहून ठेवलंय.

सोलापुरी_चादर

आमच्या सोलापूरचं सांगतो की ओ. विड्या वळणाऱ्या बायका आमच्याकडं लई, पूर्व भागात तर घरटी एक. दिवसाला हजार विड्या वळायच्या, विडी कंपनीच्या ब्रँचला न्यायच्या, तिथं मोजून घेतात, त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढतात त्याचे पैसे नाहीत. माझी मावशी तीस वर्षं वळत होती, बोटं बगा एकदा तिची.

तर कुंभारीला गोदूताई परुळेकर नावानं विडी कामगार बायकांची घरं झाली, १० हजार घरं, आमचे कामगार पुढारी आडम मास्तरांनी त्यासाठी किती वर्षं मोर्चे काढले ते सोलापूरकराला सांगायला नको. २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग आलते चाव्या द्यायला. आणि घरं बायकांच्या नावानं. कारण कामगार त्या होत्या ना, कार्ड त्यांचं.

मावशीचा नवरा पिला की पूर्वी रोजचं एक वाक्य होतं, "निघ माझ्या घरातनं." भाड्याची खोली असताना पण म्हणायचा! कुंभारीला गेल्यावर पहिल्यांदा म्हणला तेव्हा मावशी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणली, "कुणाच्या?" बास. एवढंच. शेजारच्या चार बायका हसल्या ते त्याला ऐकू गेलं. त्यानंतर शिव्या द्यायचा, मारायला पण उठायचा कधी कधी, ते काय सुटलं नाही, पण 'निघ' म्हणला नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर खोटं होईल. तिच्याच मुलानं त्या घराचे कागद ठेवून पैसे उचलले. सही मावशीची. तिनं दिली, पोरगं हाय म्हणून. नवऱ्याला नाही म्हणणारी बाई पोराला नाही म्हणू शकली नाही. तुमच्या फॉर्ममध्ये पोराचा रकाना हाय का?

खिडकीतली

'इतर कोणी' मध्ये जातो पोरगा. तो रकाना जवळपास रिकामा असतो, कारण पोरगा म्हणजे 'इतर' असं कुठल्या आईला वाटतच नाही.

मी_पामर

नोटबंदी कोणी काढली नाही अजून? ८ नोव्हेंबर २०१६. माझ्या ओळखीतल्या किती बायकांचं आयुष्यभराचं गुपित त्या एका रात्रीत उघडं पडलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंकडे १४ हजार होते, सगळे पाचशेचे, उशीच्या अभ्र्यात शिवलेले. मुलीच्या बाळंतपणासाठी. जनधन खातं होतं पण पासबुक नवऱ्याकडे, बँकेत सोबत तोच जाणार. पुरुषांनी काळा पैसा म्हणून हसायचं चालवलेलं तेव्हा व्हॉट्सॅपवर, बायकोकडे सापडले वगैरे जोक. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी आमच्या आईने तिच्या खात्यात भरले आणि नंतर थोडे थोडे काढून दिले. सगळ्यांनाच अशी आई भेटली असेल असं नाही.

झंप्या

बरं एक सीरियस. माझी बहीण नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोट झालेला नाही, तो कुठे आहे माहीत नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार आणि त्यावरचा ओटीपी मागतात. वडील वारलेत. मी वर जोक केला पण हे खरंच अडकलंय.

भटका_कारकून

@झंप्या विधवा आणि घटस्फोटितांसाठी नंतर कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय केली होती. घटस्फोट न झालेल्यांचं अवघड आहे, तरी सेविकेलाच भेटा, तिला त्या भागातल्या सगळ्या बायकांची हकीकत माहीत असते, ऑफिसपेक्षा तीच बरोबर रस्ता सांगेल. मी निवृत्त आहे, सरकारी खात्यातला, म्हणून सांगतो, योजनेत 'बहीण' असते आणि फॉर्ममध्ये 'ची पत्नी / ची मुलगी' असते. नाही म्हणायला रेशनकार्डावर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख झाली. तेवढं एकच कार्ड आहे जिथे ती प्रमुख. म्हणून लाईनमध्ये पण तीच उभी.

झंप्या

धन्यवाद काका. बघतो.

खिडकीतली

आता ती प्रॅक्टिकल मदत. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांचं खातं उघडलं तेव्हा त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून बँकेत नवऱ्याचा नंबर. आता लाडकी बहीणचे १५०० आले की मेसेज त्याला जातो, मावशींना कळायच्या आधी त्याला कळतं आणि संध्याकाळी हात पुढे. आता मावशींकडे मुलाचा जुना फोन आहे, स्वतःचं सिम आहे. नंबर बदलता येईल ना? गुपचूप?

भटका_कारकून

येईल. शाखेत जाऊन अर्ज, आधार, पासबुक, सही किंवा अंगठा. स्वतः जायचं. पण गुपचूप म्हणाल तर, बऱ्याच बँका नंबर बदलला की जुन्या नंबरवर पण मेसेज टाकतात, सुरक्षेसाठी. म्हणजे त्याला कळणारच.

दुसरा मार्ग, नवीन खातं उघडायचं, पोस्टात उघडा, नवीन नंबर द्या आणि ते आधारला जोडायला सांगा. योजनेचे पैसे आधारला शेवटी जे खातं जोडलंय त्यात जातात. मग जुन्यात येणं बंद.

वसुली_भाऊ

आणि नवरा म्हणणार पैसे का आले नाहीत, चल ऑफिसला. तिथे कळणार. मार कोण खाणार? तुम्ही नाही, काका नाही.

स्टेथोवाली

हेच लिहायला आले होते. मदत करायच्या नादात आपणच ठरवून टाकतो त्यांच्यासाठी. दोन्ही रस्ते मावशींना सांग, काय होऊ शकतं ते पण सांग, आणि गप्प बस. मला स्वतःला हे जमत नाही म्हणून सांगतेय.

खिडकीतली

बरोबर. उद्या बोलते.

मावशीचा_मुलगा

काय झालं ते इथे लिहा नक्की.

खिडकीतली

दहा-बारा दिवसांनी येतेय, उशीर झाला.

मावशींना सगळं सांगितलं, दोन्ही रस्ते, मेसेजचं पण. भांडी विसळत ऐकत होत्या, मला वाटलं लक्ष नाहीये. मग म्हणाल्या, "पोस्टात खातं काढायचं. पण ते आधारचं जोडायचं नाही." मी म्हटलं मावशी, मग १५०० जुन्याच खात्यात येतील, मेसेज त्यांनाच जाईल. तर म्हणाल्या, "जाऊंदे की. ते पंधराशे दिसूदेत त्यांना. ते बघत बसले की बाकीचं कोण बघतंय."

मला दोन मिनिटं काही कळलंच नाही. मग कळलं. पोस्टातलं खातं झालं, काकांनी सांगितलं तसं मीच सोबत गेले होते, फोन नंबर मावशींचा, पासबुक आमच्याकडे फ्रिजवर ठेवलंय. आमच्याकडचा आणि वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडचा पगार आता तिकडे जाणार. घरी सांगायचं की दोन्ही घरांनी ह्या महिन्यापासून निम्मे केलेत, महागाई आहे.

आईला म्हटलं, कुणी विचारलं तर लक्षात ठेव, मावशींचा पगार आपण कमी केलाय. आई म्हणाली अगं पण आपली बदनामी नाही का होणार, कमी कुठे केलाय, तीन वर्षं तोच तर आहे.

मावशी आतून म्हणाल्या, "मग वाढवा की."

अनुस्वार

किती वाढवला?

खिडकीतली

तीनशे. आई बाबांना विचारून सांगते म्हणाली होती. विचारलं नाही.